तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार पैसे देतंय, मग हॉस्पिटलवाल्यांचं रडगाणं कसलं?

लग्नाची पंगत असो की एसटीतली शेजारीण, मी कुठे काम करते ते कळलं की प्रश्न ठरलेला. "योजनेत सगळं सरकारच भरतं ना गं? मग तुमचे डॉक्टर उठसूट निवेदनं कसली देतात?" मी तालुक्याच्या गावातल्या ३० खाटांच्या हॉस्पिटलात मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचं टेबल सांभाळते. जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांच्या संघटनेची ती निवेदनं बहुतेक वेळा मीच टाइप करते, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

आधी पाच लाखांचा घोळ मिटवू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचं होतं. २०२३ मध्ये सरकारने ते पाच लाख करायचं आणि राज्यातल्या सगळ्याच रहिवाशांना योजनेत घ्यायचं ठरवलं. पेपरात मोठा मथळा आला. तेव्हापासून पेशंटचे नातेवाईक आम्हाला ऐकवतात, "पाच लाख मिळतात की तुम्हाला!" मिळत नाहीत हो. ती कुटुंबाच्या खर्चाची वरची मर्यादा आहे. हॉस्पिटलला मिळतो तो त्या त्या ऑपरेशनचा ठरलेला पॅकेजचा दर. मर्यादा दुप्पट-तिप्पट झाली म्हणून तो दर वाढत नाही.

आणि पॅकेज म्हणजे सगळं आलं. खाट, भूल, औषधं, तपासण्या, जेवण, डिस्चार्जनंतर दहा दिवसांची देखभाल, शिवाय पेशंटला घरी जायला एसटीचं भाडं. ते भाडं मी रोख मोजून देते, आजीचा अंगठा घेते, पावती स्कॅन करून फाइलला लावते. हा नियम मला मनापासून आवडतो. ज्याने केला त्याला आपली माणसं ठाऊक असणार.

पण पैशांच्या दाव्याची फाइल मंजुरीसाठी वर गेली की आमचा जीव टांगणीला. मध्यंतरी मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा आले. प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीची परवानगी, मंजूर झालं, ऑपरेशन झालं, इम्प्लांटच्या (हाडात बसवायच्या पट्टी-सळईच्या) पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवलं, आजोबा वॉकर धरून घरी गेले. मग क्वेरी, म्हणजे वरून आलेली शंका: ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर नाव नीट दिसत नाही. पुन्हा फिल्म काढून पाठवली. मग दुसरी क्वेरी: डिस्चार्ज कार्डावर वेळ नाही. ते पहिल्या वेळीच विचारता आलं असतं की नाही? शेवटी दावा पास झाला तो रक्कम कापून, आणि का कापली याचं उत्तर एका ओळीत, तेही मोघम. इम्प्लांटवाला तोवर थांबत नाही. नर्सचा पगार तर एक तारखेलाच.

आता दरांबद्दल. २०१८ मध्ये आयुष्मान भारत (केंद्राची अशीच योजना, आपल्याकडे ती महात्मा फुले योजनेला जोडून चालते) सुरू झाली तेव्हा सिझेरियनचा दर होता ९,००० रुपये. आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या देशभरच्या संघटनेने, कडाडून विरोध केला. तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष डॉ. रवी वानखेडकर आपल्या धुळ्याचेच. पुढच्याच वर्षी पॅकेजं नव्याने लावली, २७० दर वाढले, ५७ उतरले. म्हणजे ओरडा केला की काहीतरी हलतं, हे खरं. तरीही प्रत्येक निवेदनात 'दरवाढ' पहिल्या क्रमांकावर असते ते मला पटत नाही. दराची चिंता मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांना जास्त. परवडलं नाही तर ती योजनेतून बाहेर पडतील, रोखीचे आणि मेडिक्लेमचे पेशंट आहेतच. आमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त खाटा योजनेच्या. कमी दरात आम्ही ओढूनताणून भागवू, पण पैसे कोणत्या महिन्यात येणार ते कळत नसेल तर कशाच्या जोरावर भागवायचं? आयुष्मानच्या नियमात दाव्याचा निकाल १५ दिवसांत लावायचा म्हटलंय. कागदावर.

हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये थकबाकीवरून खासगी हॉस्पिटलांनी आयुष्मानचे उपचारच थांबवले. आमच्या बैठकीतही कुणीतरी तेच सुचवलं. मी विरोध केला. सरकारकडचे पैसे अडले म्हणून डायलिसिसच्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे आपल्याच्याने होणार नाही.

शिवाय तपासणी नकोच, असं म्हणायला आम्हाला तोंड नाही. कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या) २०२३ च्या अहवालात आयुष्मानचे जवळपास साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल नंबरला जोडलेले निघाले. खोट्या भरत्या दाखवणारी हॉस्पिटलंही आहेत, आमच्या धंद्यात ते कुणाला ठाऊक नाही? तपासा, खुशाल तपासा. फक्त ज्या काय क्वेऱ्या असतील त्या एकदाच काढा, कापलं तर कारण लिहा, आणि मुदत उलटली तर व्याज द्या. दराचं नंतर बघू.

याच क्रमाने मी नवा मसुदा करून दिला होता. वरून दुरुस्त होऊन आला तेव्हा दरवाढ पुन्हा पहिली, मुदत चौथ्या क्रमांकावर, आणि व्याजाची ओळच गायब. शनिवारी बैठक आहे. ती ओळ परत घातल्याशिवाय मी प्रिंट काढणार नाही, असं साहेबांना सांगून ठेवलंय.