मेचं पान कोरंच राहिलं

9 जून, रात्री

मृग लागून दोन दिवस झाले, पावसाचा पत्ता नाही. नुसती उकड. संध्याकाळी दूधवाला मागच्या महिन्याच्या हिशेबाला आला, म्हणून कालनिर्णय बघायला गेले तर भिंतीवर अजून मेच. तोही 11 तारखेपर्यंतच मांडलेला. रोजच्या चौकोनात जिजींच्या हातचं दीड, दीड, दीड. 12 पासून पान कोरं.

"वहिनी, साडेशेहेचाळीस लिटर."

मी म्हटलं, मधे चार दिवस आपण अर्धाच घेतला होता ना?

"असेल की. तुम्ही मांडलंय का?"

मांडलं नव्हतं. मुकाट्याने पैसे दिले.

12 मेला जिजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, घागर भरून, खापरावरच्या पुरणपोळ्या करून झाल्याशिवाय त्या डोळ्याला हात लावू देणारच नव्हत्या. ऑपरेशन नीट झालं. पुढे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा थेंब. ते थेंब मी एकदाही चुकवले नाहीत, मोबाईलला सहा गजर लावले होते. बाकीचं घर मात्र कधी हातातून सुटलं ते कळलंच नाही.

आधी कपड्यांच्या घड्या राहिल्या. दिवाणावर ढीग, त्यातूनच रोज उपसून घालायचं. मग देवाची तांब्याची भांडी काळवंडली. बिबडे आणि उडदाचे पापड या वर्षी झालेच नाहीत. शेजारणींना मी सांगितलं, जिजींचं ऑपरेशन ना! खरं तर जिजी बाजेवर बसून सगळं सांगायला तयार होत्या. माझाच जीव होत नव्हता. बाहेर पारा 45 च्या वर, आणि शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीला मुलांसारखी अख्खी सुट्टी नसते.

सगळ्यात जास्त लागलं ते गव्हाचं. दरवर्षी नवा गहू आला की गच्चीवर ऊन द्यायचं, निवडायचा, एरंडेलाचा हात फिरवून कडुनिंबाच्या पाल्यात कोठीत भरायचा. या वर्षी दोन कट्टे जिन्याखाली तसेच उभे. वरून सुतळीसुद्धा सोडली नव्हती. परवा दळणाला काढायला गेले तर सोंडे. सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. दाणा वरून धडधाकट दिसतो. महिन्याभराने किडा बाहेर पडतो तेव्हा आपल्याला कळतं. म्हणजे मी थेंबांचे गजर लावत होते तेव्हाच आत काम सुरू झालेलं. आता आभाळ भरून येण्याच्या दिवसांत ऊन द्यायला निघाले आहे मी.

आणि काल आरोग्य केंद्राकडून घरोघर फिरणारी आशाताई आली. डोळ्याची चौकशी केली, चहाला नको म्हणाली आणि टॉर्च घेऊन थेट कूलरपाशी. मे महिन्यात इकडे कूलर रात्रंदिवस चालतो. आम्ही वरून पाणी ओतत राहिलो, टाकी एकदाही रिकामी केली नाही. तिने उजेड पाडला. पाण्यावर गवताच्या काड्या, त्यांच्याखाली बारीक बारीक वळवळ. उजेड पडला तशा सगळ्या झटके देत खाली गेल्या.

"काकू, हे काय?"

शाळेत डेंग्यूची माहितीपत्रकं मीच वाटते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे मला तोंडपाठ आहे. तिच्यासमोर तोंडातून शब्द फुटेना. तिने एक नवी गोष्ट सांगितली. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी भरलं की सुरू. म्हणून घासायचं. बोलता बोलता तिने टाकीचा बूच काढून पाणी अंगणात सोडलंसुद्धा.

रात्री पुण्याला लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, वेळापत्रक कर, 21 दिवस पाळलं की सवय लागते. आज सकाळी तिनेच दुरुस्ती पाठवली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर प्रयोग केला होता, 2009 मध्ये तो छापून आला. अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. आणि प्रत्येकाने आपली नवी गोष्ट रोजच्याच कशाला तरी जोडली होती, जसं जेवताना फळ खाणं. वाचून बरं वाटलं, मग रागही आला. एकेकाने एकच गोष्ट निवडली होती! फळ खायचं म्हणे. इथे कूलर, कोठी, घड्या, दूध, गॅसचा नंबर, जिजींचे थेंब. आणि त्यांच्या घरी नळ रोज येत असणार.

पण जोडण्याची गोष्ट डोक्यात राहिली. या महिन्याभरात सगळं चुकलं, नळ नाही चुकला. दर चार दिवसांनी येतो, पहाटे येतो, पाऊण तासात जातो, तुमचं काय चाललंय ते विचारत नाही.

11 जून

पहाटे पावणेपाचला जिजींचा आवाज, "नय उना वं!" नळ आला गं! माझ्या आधी त्यांना पाइपातली हवा ऐकू येते, कायम.

काल रात्रीच उरलेलं पाणी तुळशीला, अंगणाला टाकून पाण्याचं टिपं पालथं केलं होतं. आज नळाची धार लागताच आधी टिपं, मग कूलर, मग माठ, काथ्याने घासून मगच भरले. जिजी काळा चष्मा लावून दारात खुर्चीवर. वाकता येत नाही ते सगळं तोंडाने भरून काढत होत्या. "कड घस वं, नुसतं खंगाळू नको." यांनी कळशा वर चढवल्या. साडेपाचला धार करंगळीएवढी झाली आणि थांबली.

चहा पिताना जिजी छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, एवढी जाळी? मला तर वाटायचं तिथला रंग उडालाय. मग माझ्याकडे बघून, तुझे केसपण पांढरे झाले की गं.

मेचं पान फाडलं. कालनिर्णय उतरवून त्यांच्या मांडीवर दिलं. बारीक अक्षरातल्या तिथ्या त्यांनी वाचून दाखवल्या, दोनदा, मुद्दाम. मग 11 च्या चौकोनात दीड लिहिलं, खाली नळ. 15 च्या चौकोनात नुसतं नळ. मी म्हटलं, 1 ते 10 मध्ये पण दीड-दीड मांडून टाकते. त्यांनी पेन माझ्या हाती दिलंच नाही. राहू दे कोरं, म्हणाल्या, आणि गव्हाची चाळण कुठे ठेवली ते विचारायला लागल्या.