आधी कुदळ, मग जागा

माझी पहिली नोकरी एका उड्डाणपुलाच्या साइटवर होती, बिलिंगला. रोज संध्याकाळी घरी निघायच्या आधी एक काम ठरलेलं, हिंडरन्स रजिस्टर भरायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काम का थांबलंय याची ही वही असते. तारीख, कुठला पिअर म्हणजे पुलाचा खांब, काय अडचण, किती मशीन आणि किती माणसं बसून, आणि शेवटी दोन सह्या, एक आमची म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची, दुसरी देखरेखीला नेमलेल्या कन्सल्टंटच्या माणसाची. मी लिहायचो 'पी-७, पाण्याची लाइन शिफ्ट झालेली नाही, रिग १, माणसं ९'. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अडीच महिने तेच चाललं होतं आणि समोरचा माणूस न वाचता सही करून मोकळा व्हायचा, त्याची तशी चूकही नव्हती, लाइन खरंच शिफ्ट झालेली नव्हती. मला वाटायचं काय फालतू काम गळ्यात पडलंय. एकदा सिनियर म्हणाला, ती वही नीट भर रे, आपला प्रॉफिट त्या वहीत आहे.

तेव्हापासून सवयच लागलीय, कुठल्या तरी मोठ्या प्रोजेक्टचा खर्च दुप्पट-तिप्पट झाला अशी बातमी आली की लोक भ्रष्टाचार भ्रष्टाचार करत बसतात आणि मी त्यांच्या वहीत काय लिहिलं असेल याचा विचार करतो.

हायस्पीड रेल्वेचं तर हे नेहमीचंच झालंय. त्यात कॅलिफोर्नियाची केस मला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते, कारण तिथे ऑडिटचे रिपोर्ट कोणालाही वाचता येतात. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून जवळपास १० अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस दोन तास चाळीस मिनिटांत, खर्च साधारण ३३ अब्ज, २०२० पर्यंत गाडी सुरू, असं ठरलं. २०२४ च्या बिझनेस प्लॅनमध्ये त्याच मार्गाचा खर्च ८९ ते १२८ अब्ज डॉलर दाखवलाय, आणि बांधकाम चाललंय ते मधल्या सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे आधी मर्सेड ते बेकर्सफील्ड, ज्या दोन शहरांसाठी हा सगळा खटाटोप मांडला ती दोन्ही टोकं लांबच राहिली.

आता थोडी महागाई यात धरायला पाहिजे, सोळा वर्षांत सिमेंट-स्टील-मजुरी सगळंच वाढतं, ते मान्य. पण महागाईने तिप्पट-चौपट होत नाही.

झालं असं की मंदीनंतर फेडरल म्हणजे केंद्र सरकारने स्टिम्युलसचे, म्हणजे अर्थव्यवस्थेला चालना द्यायचे, पैसे दिले, पण अट घातली की सप्टेंबर २०१७ पर्यंत खर्च करा, नाहीतर परत. म्हणजे डेडलाइन काम पूर्ण करायची नाही, पैसे संपवायची. मग काय, २०१३ मध्ये फ्रेस्नोच्या पट्ट्यातलं पहिलं पॅकेज, म्हणजे बांधकामाचा पहिला ठेका, देऊन टाकलं, साधारण ९८.५ कोटी डॉलरचं, आणि तेव्हा लागणाऱ्या जमिनींपैकी फारच थोड्या ताब्यात होत्या. पाइपलाइन, केबल्स, विजेच्या लाइन कुठून कुठे हलवायच्या ते ठरलेलं नाही. शेजारून मालगाड्यांचे रूळ जातात, त्या रेल्वे कंपन्यांना मधे संरक्षक भिंत हवी, तेही काम दिल्यावर ठरलं. बाजारात तुरी म्हणतात ना, तसलं. राज्याच्या ऑडिटरनी नोव्हेंबर २०१८ च्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की जमीन, युटिलिटी आणि करारमदार हे सगळं व्हायच्या आधी बांधकाम सुरू केल्यामुळे अब्जावधींचा खर्च वाढला. त्या पहिल्या पॅकेजची रक्कम पुढे दुपटीच्या वर गेली.

हे कसं होतं ते बिलिंगवाल्याला लगेच कळतं. टेंडर भरताना चार जण स्पर्धेत असतात म्हणून रेट खाली येतो. पण एकदा काम मिळालं आणि मशिनरी साइटवर उभी राहिली की पुढच्या कुठल्याही एक्स्ट्रा आयटमला, म्हणजे करारात नसलेल्या जादा कामाला, टेंडर नसतं, तुम्ही एकटेच असता, रेट ॲनॅलिसिस म्हणजे दराचा हिशोब तुम्हीच देता आणि समोरच्याला नाही म्हणता येत नाही कारण नाही म्हटलं तर काम अजून थांबतं. त्यात जागा वेळेवर देणं ही मालकाची, म्हणजे काम देणाऱ्याची, जबाबदारी म्हणून करारातच लिहिलेली असते, म्हणजे उशिराचा प्रत्येक दिवस मालकाच्या खात्यात. मी स्वतः असे रेट बनवलेत. खोटं काही लिहावं लागत नाही हो, हीच तर गंमत आहे.

मग प्रश्न येतो की मालकाच्या बाजूने हे कोण बघत होतं. कॅलिफोर्नियात त्याचंही उत्तर त्याच रिपोर्टमध्ये आहे. कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर म्हणून जे बसले होते ते बरेचसे कन्सल्टंट फर्मचे लोक होते, सरकारी पगारावरचे नव्हते. कॉन्ट्रॅक्टरचं बिल तपासणारा भाड्याचा, त्याच्यावर लक्ष ठेवायला स्वतःची माणसं पुरेशी नाहीत. आता कन्सल्टंट म्हणजे सगळे चोर असं अजिबात नाही, माझे अर्धे मित्र तिकडेच आहेत, पण एक साधी गोष्ट आहे की प्रोजेक्ट जेवढा लांबेल तेवढी त्यांची फी चालू राहते आणि हे थांबवा असं सांगण्यात त्यांचा कवडीचा फायदा नाही.

इंग्लंडच्या एचएस-टू या हायस्पीड रेल्वेची गोष्ट याच जातकुळीतली. २०१२ च्या सुमाराला लंडनहून बर्मिंगहॅम आणि पुढे दोन फाटे मँचेस्टर आणि लीड्सला, अशा पूर्ण नेटवर्कसाठी ३२.७ अब्ज पाउंड धरले होते, ते २०११ च्या किमतीत. (कुठलाही आकडा ऐकला की आधी कुठल्या सालच्या किमतीत ते विचारायचं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.) २०२० मध्ये आलेल्या ओकर्वी रिव्ह्यूत, म्हणजे सरकारनेच करायला लावलेल्या फेरतपासणीत, हाच आकडा १०६ अब्जांपर्यंत जाऊ शकतो असं म्हटलं होतं. २०२१ मध्ये लीड्सचा फाटा कापला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मँचेस्टरचाही, उरलं लंडन-बर्मिंगहॅम. लंडनच्या यूस्टन स्टेशनचं तर विचारूच नका, ११ प्लॅटफॉर्मचं डिझाइन कमी करून १० चं केलं आणि २०२३ मध्ये तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने सांगितलं की २.६ अब्जांचं बजेट असताना अंदाज ४.८ अब्जांवर गेलाय. प्लॅटफॉर्म कमी, बिल जास्त.

सगळ्यांना त्यातलं वटवाघळांचं प्रकरण आठवतं. बकिंगहॅमशायरमधल्या एका जंगलाशेजारी वटवाघळांना गाडीची धडक बसू नये म्हणून रुळांवर जवळपास एक किलोमीटरचं आच्छादन, खर्च १० कोटी पाउंडांच्या वर. हसायला ठीक आहे, मीही हसलो. पण दहा-दहा अब्जांच्या गोष्टीत १० कोटी म्हणजे किरकोळच. मोठा पैसा गेला तो सिव्हिलच्या मुख्य करारांत. एप्रिल २०२० मध्ये काम सुरू करायला हिरवा कंदील दिला तेव्हा डिझाइन पुरेसं झालेलं नव्हतं, आणि करार असे की खर्च वाढला तर त्याचा बहुतेक भार सरकारवरच. वटवाघळांवर हेडलाइन होते, कराराच्या कलमावर होत नाही.

हे दोनच देश वाईट आहेत असंही नाही. बेंट फ्ल्युबयर्ग नावाचे डॅनिश अभ्यासक आहेत, त्यांच्या टीमने २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रोजेक्ट तपासले, त्यात रेल्वेचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी जवळपास ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. युरोपियन ऑडिटर्सनी २०१८ मध्ये सहा देशांतल्या १० हायस्पीड लाइन बघितल्या तर गाड्या डिझाइन स्पीडच्या सरासरी ४५ टक्क्यांनीच धावताना दिसल्या, म्हणजे पैसे ज्या वेगासाठी मोजले तो वापरलाच जात नव्हता. आणि मुंबई-अहमदाबाद कसं विसरणार, ५०८ किलोमीटर, सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी, आणि पूर्ण जमीन ताब्यात आल्याचं जाहीर झालं जानेवारी २०२४ मध्ये. जी तारीख आधी यायला हवी ती सहा वर्षांनी आली.

मला खरं अडचणीत टाकतं ते जपान. टोकियो-ओसाका लाइनसाठी जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी संसदेपुढे मुद्दाम कमी आकडा ठेवला होता, २०० अब्ज येनच्या आतला, कारण खरा सांगितला असता तर मंजुरीच मिळाली नसती. शेवटी खर्च जवळपास दुप्पट, ३८० अब्ज येन. १९६३ मध्ये सोगोंनी पद सोडलं, मुख्य इंजिनियर हिदेओ शिमाही त्यांच्यासोबत गेले. १ ऑक्टोबर १९६४ ला गाडी सुरू झाली आणि पुढचं जगाला माहीत आहे. म्हणजे जगातली सगळ्यात यशस्वी हायस्पीड लाइन सुरू झाली ती थापेवर! मग आम्ही इथे अंदाजपत्रकाच्या नावाने का रडतोय?

यावर मी बरेच दिवस डोकं खाल्लं. मला फरक असा वाटतो की १९५९ ला काम सुरू होताना त्यांच्याकडे जागेचा काही भाग आधीच होता, चाळीसच्या दशकातल्या जुन्या बुलेट ट्रेन योजनेत जमिनी घेऊन ठेवल्या होत्या, काही बोगद्यांची खोदाईही सुरू झाली होती, आणि डिझाइन करणारे इंजिनियर रेल्वेचे स्वतःचे होते. आकडा खोटा होता पण पायाखालची जमीन खरी होती. साडेपाच वर्षांत काम संपलं, वही भरायला वेळच मिळाला नसेल. आणि आकडा चुकला तेव्हा खुर्ची सोडणारा एक माणूस होता, ही पण गोष्ट छोटी नाही.

आमच्या पुलाचं सांगायचं राहिलंच. पी-७ च्या अडीच महिन्यांचा क्लेम, म्हणजे काम थांबल्याची भरपाई, आम्हाला मिळाला, जवळपास पूर्ण. पाण्याची ती लाइन शिफ्ट करायचा खर्च त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता. फायनल बिलाच्या वेळी रजिस्टरच्या झेरॉक्स मीच काढत बसलो होतो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की सह्यांच्या शेजारी अजून एक कॉलम आहे, 'मालकाचा शेरा' असा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा.