तुम्ही विचारलंत म्हणून: वाचणाऱ्याला पटेल असं लिहायला सुरुवात कुठून करायची?

"माझा मुद्दा बरोबर असतो, तरी माझा निबंध वाचून कुणालाच पटत नाही. काय चुकतं?" लिहायला शिकणारे मला हे नेहमी विचारतात. मी सांगतो, आधी पूर्वपक्ष लिहा.

पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत तो आधी मांडतात, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला दिलेलं उत्तर, येतो. पूर्वपक्ष असा उतरला पाहिजे, की समोरच्यानं वाचून म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." मी मात्र कित्येक वर्षं 'काही जण म्हणतील' एवढ्यावर तो उरकायचो आणि पुढच्याच ओळीत खोडून काढायचो.

एकदा मी लिहिलं होतं, 'मुलं दमतात, म्हणून गृहपाठ बंद करावा.' वाचणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलं, "मुलं खेळूनही दमतात. मग खेळही बंद करायचा का?" मला उत्तर सुचेना. माझ्या वाक्यात एक न लिहिलेलं गृहीतक होतं: ज्यानं मुलं दमतात ते नको. ते मलाही मान्य नव्हतं!

असं गृहीतक असणं हा दोष नव्हे. अॅरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच हे ओळखलं होतं. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली पायरी वक्ता गाळतो, ऐकणारा ती मनात भरून घेतो. पण त्यानं भलतीच पायरी भरली, तर सगळा युक्तिवाद कोसळतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या या दुव्याचा वेगळा विचार मांडला. माझ्या अनुभवात भांडण पुराव्यावरून क्वचितच होतं, ते या दुव्यावरून होतं. आणि दुवा सापडतो तो पूर्वपक्ष मनापासून लिहिताना.

वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद ही अॅरिस्टॉटलची तीन साधनं तुम्ही कुठेही वाचाल. त्यातली विश्वासार्हता लोक पदवीत शोधतात. मला ती विरोधकाचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडण्यात दिसते.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं खंडन करणारी वितंडा. कागद पुढे ओढताना आपण यातलं काय करणार आहोत, हे स्वतःला विचारा. जल्पाची सवय फार लवकर लागते, कारण टाळ्या तिथे मिळतात.

तो निबंध मी पुन्हा लिहिला. सराव केल्याशिवाय गणित हाताखालून जात नाही, हे शिक्षिकेचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात आलं. ते लिहिता लिहिता मलाही पटत गेलं. शेवटी मथळ्यातला 'बंद' गेला आणि 'झोप मोडेल इतका गृहपाठ नको' एवढंच उरलं. शिक्षिकेनं तो वाचला आणि विचारलं, "इतका म्हणजे किती?" त्यानंतर आम्ही तासभर त्यावरच बोललो.