परदेशातल्या मैफलीत मी दाद का देत नाही

पुण्यात पहिल्याच आलापाला 'वा!' म्हणणाऱ्या तुम्ही परदेशातल्या मैफलीत एवढ्या गप्प कशा बसता, हा प्रश्न माझ्यासोबत प्रवास केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला विचारला आहे, आणि 'तिथली पद्धत वेगळी असते' असे सांगून मी तो दर वेळी टाळला आहे. माझ्या गप्प बसण्याला कोणी शिष्टपणा म्हणते, कोणी म्हणते की भाषा कळत नसेल. दोन्ही खरे नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या आल्फामा भागात, चढणीच्या एका गल्लीतल्या लहानशा खानावळीत मी फादो, म्हणजे तिथले पारंपरिक गाणे, ऐकायला गेले होते. गाणे सुरू होण्यापूर्वी दिवे मंद झाले, वाढप थांबले आणि बोलणेही थांबले. गायिका साठीच्या पुढची असावी. लिस्बनच्याच मोरारिया वस्तीत फादो गाणारी आणि १८४६ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारलेली मारिया सेव्हेरा हिच्या आठवणीशी जोडली गेलेली काळी शाल तिच्याही खांद्यावर होती. साथीला एक साधी गिटार आणि नासपतीच्या आकाराची, बारा तारांची पोर्तुगीज गिटार होती. पहिली दोन गाणी संपताच श्रोत्यांतून 'आ, फदिश्ता!' (फदिश्ता म्हणजे फादो गाणारी) अशी आरोळी उठली. ती ऐकून मी निर्धास्त झाले, कारण इथेही दाद देतात, एवढेच मला त्यातून कळले. ती केव्हा देतात, याकडे माझे लक्षच नव्हते.

तिसऱ्या गाण्याच्या अखेरच्या ओळीत तिने एक शब्द वर नेला, डोळे मिटले, आणि दोन्ही गिटारी थांबल्या. त्या क्षणी माझ्या तोंडून 'वा!' निघून गेले. एरवी ते तबल्याच्या आवाजात मिसळले असते. तिथे मात्र ते खोलीभर घुमले. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला सोसले असते. झोपेतून कोणी हलवून उठवल्यावर माणूस पाहतो तशी ती पाहत होती. मग तिने तो शब्द खाली आणला, गिटारी पुन्हा सुरू झाल्या, गाणे पूर्ण झाले. टाळ्या वाजल्या, पण 'आ, फदिश्ता!' कोणीही म्हटले नाही. शेजारच्या टेबलावरचे वृद्ध गृहस्थ हलक्या आवाजात, इंग्रजीत एवढेच म्हणाले, "तो थांबा तिचा होता."

त्यांचे म्हणणे मला पुढे उमगले. पारंपरिक फादोच्या चाली जुन्या आणि सर्वांच्या असतात. आपल्या ओवीसारख्या एकाच चालीवर निरनिराळे शब्द गायले जातात. गाणाऱ्याचे स्वतःचे असे काही असेल, तर ते शब्द कुठे ताणायचा, कुठे अडवायचा आणि साथीदारांना किती वेळ थांबवून धरायचे यातच असते. मी नेमकी तिथेच बोलले होते.

तरीही माझी दाद खोटी नव्हती, हे मी आजही ठामपणे म्हणेन. आपल्याकडे गवयाला श्रोत्याचा प्रतिसाद हवा असतो, त्यावर पुढची बढत ठरते. स्पेनमधल्या सेव्हियाला फ्लामेंको या तिथल्या गाण्या-नाचाच्या प्रकारात 'ओले' ही दाद गाण्याच्या मध्येच येते, आणि योग्य ठिकाणी आलेले 'ओले' गाणाऱ्याला बळ देते. तेव्हा परदेशातले श्रोते मुके असतात, असे कृपया समजू नका. दादेची जागा गावोगावी बदलते आणि ती मला ठाऊक नसते, म्हणून मी गप्प बसते.

हे लिहिताना मला माझेच जुने रूप अडवते. सुराला भाषा लागत नाही, असे मी पूर्वी चारचौघांत मोठ्या खात्रीने सांगत असे. ती मी आज मला विचारते की गाणे म्हणजे देवाणघेवाण म्हणतेस, मग मुकाट्याने ऐकून तू दिलेस काय? त्या रात्री मध्यंतरात मी गायिकेची माफी मागायला गेले, तेव्हा तिने त्या शब्दाचा अर्थ विचारला आणि 'वा' असा स्वतः उच्चारूनही पाहिला. मी गप्प राहिले असते, तर तो शब्द तिच्या ओठी आला नसता. पण तिच्या गाण्याची मोडतोड करून दिलेली ती वस्तू देणे म्हणावी का, हे मला ठरवता येत नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी कोइंब्रा या पोर्तुगालमधल्याच विद्यापीठाच्या गावी गेले. तिथला फादो काळे झगे घातलेले विद्यार्थी गातात, गाणारे परंपरेने पुरुषच असतात, आणि टाळ्यांऐवजी घसा खाकरून दाद देण्याची तिथली जुनी रीत आहे. या वेळी मी सगळे आधी विचारून गेले होते. गाणे संपले, भोवतालच्या माणसांनी घसा खाकरला, मला गाणे मनापासून आवडले होते आणि जागाही ठाऊक होती. माझ्या घशातून आवाज निघाला नाही.