डब्लिनचा सायकलवाला मंत्री

आज ऑफिसातून परतताना बसमध्ये शेजारचे आजोबा नव्या सायकल ट्रॅकवरून आयर्लंडचा माजी वाहतूकमंत्री एमन रायन याला मनसोक्त शिव्या घालत होते. माणूस मंत्रिपदावरून गेला तरी डब्लिनमध्ये त्याच्या नावाने खडे फोडणं चालूच! मी म्हटलं, "अहो, २०२२ मध्ये बसभाडं त्यानेच तर कमी केलं." आजोबा शांतपणे म्हणाले, "मला काय, माझा पास फुकट आहे." घ्या!

मला मात्र या माणसाचं कौतुक वाटतं. आधी सायकल सहलींचा धंदा, सायकलस्वारांची चळवळ, मग नगरसेवक, २००२ मध्ये खासदार, २००७ मध्ये ऊर्जामंत्री. २०११ ला मंदीचा राग असा निघाला की त्याच्या पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे सहाच्या सहा खासदार पडले, हाही पडला. अशा वेळी आपल्याकडचे पुढारी रातोरात दुसरा झेंडा धरतात. याने त्याच बुडालेल्या पक्षाचं अध्यक्षपद घेतलं आणि २०२० मध्ये १२ जागा आणल्या. मग २०२१ चा हवामान कायदा: २०३० पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी खाली. ते जमेल का, मला शंकाच आहे, पण कागदावर आकडा आला हे थोडं नाही.

फजितीही कमी नाही. भर संसदेत मतदानाच्या वेळी डुलकी काय लागली! २०२४ मध्ये त्याने पक्षाचं अध्यक्षपद सोडलं आणि निवडणुकीत पक्षाची उरली एकच जागा.

कोरोनाच्या सुरुवातीला 'दक्षिणेकडच्या खिडकीत सॅलडची पानं लावा' म्हणाला म्हणून लोक हसले होते. आमच्या खिडकीत मेथी झकास येते, बरं का.