पदक कोणत्या जिल्ह्याच्या नावावर मांडायचे?

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी बत्तीस वर्षे नोकरी केली. त्या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ना नियमांचा होता, ना खुराकाचा. "सर, खेळात सगळ्यांत पुढे कोण? मुंबई, पुणे, की आपले कोल्हापूर-सातारा?" राज्य स्पर्धेला निघालेल्या एसटीत मुले हे विचारत, रात्रीच्या जेवणानंतर पंचमंडळींचे आवाज याच विषयावरून चढत आणि लग्नाच्या पंगतीत पुण्याचे पाहुणे हाच विषय मुद्दाम काढत. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो. मी कराड तालुक्यातला आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या वादात बोलणाऱ्याचे गाव कोणते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

एक शहर आणि एक खेळ एवढाच हिशेब असेल, तर मुंबईच्या क्रिकेटपुढे कोणीही उभे राहू शकत नाही. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि पहिलेच विजेतेपद मुंबईने घेतले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईतच राहिला, आणि मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने आपले ४२वे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरच्या कर्नाटकाकडे आठ आहेत. हे कोणा एकदोघांच्या अंगच्या गुणांनी झालेले नाही. भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर चालणारी कांगा लीग १९४८ पासून तिथल्या फलंदाजांची परीक्षा घेत आली आहे. हॅरिस आणि गाइल्स ढालीच्या स्पर्धांनी शाळेतल्या मुलांना लहान वयातच मोठ्या सामन्याची सवय लावली. आझाद मैदानावर एका वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. मी एकदा तिथे संपूर्ण दुपार उभा राहिलो होतो. चुकून आपल्या पायाशी आलेला दुसऱ्यांचा चेंडू न बघता परत फेकणारी, पण आपल्या गोलंदाजावरची नजर क्षणभरही न काढणारी ती बारा-तेरा वर्षांची मुले पाहिली, तेव्हा मुंबईच्या फलंदाजाला 'खडूस' का म्हणतात ते मला समजले.

तरीही मुंबईचे नाव घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली अशी, की या यशात शहराबाहेरचा मोठा वाटा आहे. किट खांद्याला लावून पालघरहून लोकल पकडणारा शार्दूल ठाकूर किंवा डोंबिवलीहून येणारा अजिंक्य रहाणे यांच्या घरच्यांनी जी पहाट रोज उजाडण्यापूर्वी सुरू केली, ती रणजीच्या नोंदीत कुठेच लिहिलेली नसते. दुसरी गोष्ट अशी, की मुंबईचा करंडक म्हणजे महाराष्ट्राचा करंडक नव्हे. आपल्या राज्यातून रणजीत तीन संघ उतरतात. त्यांपैकी 'महाराष्ट्र' या नावाच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोनच विजेतेपदे मिळवली, आणि विदर्भाने २०१७-१८ पासूनच्या काही वर्षांतच तीन मिळवली. त्यांतल्या तिसऱ्या वेळी, २०२४-२५ मध्ये, विदर्भाने उपान्त्य फेरीत मुंबईलाच हरवले होते. आणि महाराष्ट्राच्या संघातून काठियावाडविरुद्ध पुण्यात नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे होते. १९४८ सालच्या त्या सामन्यात समोरच्या संघाने खेळ सोडून दिला, आणि ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांनी राहून गेला. कोल्हापुरातली जुनी माणसे या नऊ धावांबद्दल अजूनही हळहळतात.

राज्याराज्यांत तुलना करायची म्हटली की लोक राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा तक्ता पुढे करतात. २०२३ मध्ये गोव्यात महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवून पहिला क्रमांक घेतला, त्याचा आनंद मलाही झाला. पण २०२५ मध्ये उत्तराखंडात महाराष्ट्राची पदके १९८ आणि सेनादलाची १२१ असूनही पहिला क्रमांक सेनादलाचा आला, कारण क्रमवारी सुवर्णपदकांवर ठरते आणि ती त्यांची ६८ होती, तर आपली ५४. आता सेनादल हे काही राज्य नाही. त्या पथकात आपल्याच खेड्यांतून भरती झालेली पोरे असतात. जे पदक बीडच्या किंवा सांगलीच्या पोराने जिंकले ते तक्त्यात सेनादलाच्या रकान्यात जाते, आणि त्यात चुकीचेही काही नाही, कारण त्याला रोजचे दूध, अंडी, बूट आणि प्रशिक्षक सेनादलाने पुरवलेले असतात.

ऑलिंपिकचा निकष लावला तर मात्र हरियाणाला मान द्यावाच लागतो, आणि तो मी मोकळ्या मनाने देतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला सहा पदके मिळाली. हॉकीचे बाजूला ठेवले तर उरलेल्या पाचांपैकी चार पदके मनू भाकर, सरबजोत सिंग, नीरज चोप्रा आणि अमन सेहरावत या हरियाणाच्या खेळाडूंची होती. २०११ च्या जनगणनेत हरियाणाची लोकसंख्या अडीच कोटी होती, आपली सव्वाअकरा कोटी. २००८ साली बीजिंगला गेलेल्या पाच भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी चौघे एकट्या भिवानीचे होते, आणि भिवानी शहर दोन लाख वस्तीचेही नव्हते. तिथल्या सरकारने ऑलिंपिक सुवर्णासाठी सहा कोटींचे बक्षीस ठेवले आणि पदकामागे नोकरी दिली, हे खरे आहे. पण तेवढ्याने पैलवान तयार होत नाही. घरातल्या म्हशीचे दूध आधी खेळणाऱ्या पोराला, मग बाकीच्यांना, असा तिथल्या घराघरांतला शिरस्ता आहे, आणि माझ्या लहानपणी तो आमच्याकडेही होता.

पॅरिसचे पाचवे पदक आपले होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले, तेव्हा त्याआधीचे महाराष्ट्राचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक ७२ वर्षे जुने होते. ते खाशाबा जाधवांचे. माझ्या उत्तराचा गाभा त्यांच्याच पदकात आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

खाशाबा गोळेश्वरचे, म्हणजे कराडला अगदी लागून असलेल्या गावचे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. जन्म, पहिली माती, शाळा सगळे साताऱ्याचे, त्यामुळे १९५२ चे हेलसिंकीतले कांस्यपदक साताऱ्याचे, असे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. पण ते शिकले कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आणि कुस्तीत पक्के झालेही कोल्हापुरात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला, आणि तिथे ते सहावे आले. हेलसिंकीच्या वेळी पैसे उभे राहीनात, तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ सालचे सात हजार म्हणजे केवढी रक्कम, हे ज्यांनी त्या काळातला शिक्षकाचा पगार ऐकला आहे त्यांना सांगायला नको. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढून आपला वाटा उचलला. खाशाबा पदक घेऊन कराडला उतरले तेव्हा मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या, आणि नंतर त्यांनी कुस्त्या लढून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे ऋण फेडले.

आता मला सांगा, हे पदक कोणत्या जिल्ह्याचे? शिक्षक म्हणून पहिली काही वर्षे मी सातारा म्हणून भांडत असे. पुढे आमच्या गावच्या जत्रेच्या कुस्त्यांचा हिशेब माझ्याकडे आला आणि माझे मत बदलले. जत्रेच्या वर्गणीची वही ज्याने सांभाळली आहे त्याला ठाऊक असते, की फड भरतो तो पैलवानाच्या नावावर, पण उभा राहतो तो वहीतल्या नावांवर. कोणी दोन पोती गहू दिलेले असतात, कोणी माती मळण्यासाठी हळद, तेल आणि ताक, कोणी मुंबईहून मनीऑर्डर केलेली असते. ज्या पोरांना अजून लांगही नीट बांधता येत नाही त्यांच्यासाठी रेवडीवरच्या कुस्त्या लावायच्या, त्यासाठीही कोणीतरी शंभर रुपये लिहून जातो. त्या पोरांपैकी कोण मोठा होणार हे देणाऱ्याला माहीत नसते, आणि त्याने ते विचारलेलेही नसते.

तेव्हापासून मी यशाचा हिशेब असा करतो: पदक दिसण्याआधी, पिढ्यानपिढ्या, कोणत्या गावाने खर्च केला? या हिशेबाने माझे उत्तर कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले ते १९१२ साली तयार झाले. मध्यभागी मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागलेली स्वच्छ दिसावी. त्या मैदानाकडे बघितले की तेव्हाच्या लोकांनी कुस्ती बघणाऱ्याचाही किती विचार केला होता हे कळते. पेठापेठांतल्या तालमींनी कुस्तीवरच न थांबता फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम या नावांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा जी गर्दी होते ती स्थानिक फुटबॉलला महाराष्ट्रात दुसरीकडे मी पाहिलेली नाही. मग बंदुकीचा खेळ आला. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकले, आणि त्यानंतर स्वप्नील आला. ज्या शहराने मुलींना तालमीत येऊ दिले नव्हते त्याच शहरातल्या मुलींनी नेमबाजीत पहिली मोठी पदके आणली, याचा मला विशेष आनंद आहे.

माझे सांगलीचे एक जुने सहकारी मात्र हे उत्तर ऐकून घेत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे. भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार विजय हजारे सांगलीचे, परदेशात पहिली मोठी बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे नंदू नाटेकर सांगलीचे, हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकणारे मुरलीकांत पेटकर इस्लामपूरकडचे, आणि आजची स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातला. एवढ्या विविध खेळांतली एवढी नावे आमच्या साताऱ्याकडे नाहीत, हे मी त्यांच्यापुढे मान्य केले आहे. पण हजारे मोठे झाले ते बडोद्याकडून खेळताना, नाटेकरांचा खेळ बहरला मुंबईत. सांगलीने खेळाडू जन्माला घातले, आणि त्यांतल्या अनेकांचा खर्च दुसऱ्या गावांनी उचलला.

उलटा प्रकारही आहे, आणि तिथे साताऱ्याला मान मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत एकाच दिवशी अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघे जगज्जेते झाले. अदिती साताऱ्याची, वय सतरा. ओजस नागपूरचा, पण घर सोडून तो साताऱ्याच्या अकादमीत राहिला आणि प्रवीण सावंत यांच्याकडे शिकला. ओजसचे पदक नागपूरने साजरे केले तेव्हा आमच्याकडे काहींना वाईट वाटले. मला नाही वाटले. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरने साताऱ्याच्या, पंजाबच्या पोरांसाठी जे केले ते सातारा आता नागपूरच्या पोरासाठी करतो आहे, आणि हे असेच वाढत गेले तर तीस वर्षांनी माझ्या जागी बसलेला शिक्षक या प्रश्नाला सातारा असे उत्तर देईल.

आमच्या जत्रेत यंदा पहिल्यांदा मुलींच्या सात कुस्त्या लागल्या. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली, तेव्हापासून आमच्याकडच्या मुली हट्ट धरून बसल्या होत्या. त्या सातांपैकी एक मुलगी जूनपासून सांगली जिल्ह्यातल्या एका तालमीत राहायला गेली आहे. तिच्या पहिल्या वर्षाच्या खुराकाचे पैसे गावातल्या चौदा घरांनी दिले, आणि ती चौदा नावे माझ्याजवळच्या वहीत तारखेसह लिहिलेली आहेत.