जावाच्या अंतर्गत एपीआयची तपासणी
आज आमच्या प्रकल्पातील मुक्तस्रोत जावा लायब्ररींवर ‘जेडेप्स’ ही अवलंबित्व तपासणारी आज्ञावली चालवून, त्यांपैकी कोणत्या जेडीकेच्या (जावाच्या विकास-साधनसंचाच्या) अंतर्गत, अधिकृत आधार नसलेल्या एपीआयवर (इतर प्रोग्राम वापरतात त्या क्लास व फंक्शनांवर) विसंबून आहेत, हे तपासले. एका जुन्या लायब्ररीत ‘सन.मिस्क.बेस६४एन्कोडर’ हा डेटा साध्या मजकूर-अक्षरांत बदलणारा अंतर्गत क्लास आढळला, हा क्लास २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ मधून काढून टाकण्यात आला, मात्र ‘जावा.युटिल.बेस६४’ हा अधिकृत पर्याय जावा ८ पासूनच उपलब्ध आहे. खरी काळजी रिफ्लेक्शनची वाटते, कारण जेडेप्स बाइटकोडमधील (संकलित जावा कोडमधील) थेट संदर्भच पाहते आणि प्रोग्राम चालू असताना नावाने मिळवलेला क्लास तिच्या नजरेतून निसटतो. शिवाय जावा १७ मध्ये ‘इल्लीगल-ॲक्सेस’ची, म्हणजे रिफ्लेक्शनने जेडीकेच्या अंतर्गत भागांपर्यंत पोहोचू देणारी, सरसकट सवलतही संपली आहे. त्यामुळे प्रत्येक लायब्ररीच्या चाचण्या जावा १७ वर प्रत्यक्ष चालवून पाहणे मला अत्यावश्यक वाटते. बेस६४ची दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे आजच पाठवली आहे.